नारिता किंवा हानेदाला उतरल्यावर सुइका-पास्मो कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुइका आणि पास्मो ही टोकियोतली रेल्वे-बसची कार्डं. नारिता किंवा हानेदा विमानतळावर उतरून टोकियोला पहिल्यांदा जाणाऱ्यांकडून त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. जपानमधली रेल्वेभाडी अधूनमधून वाढतात, म्हणून भाड्याचे आकडे जिथे खरंच लागतात तिथेच दिले आहेत.

१. सुइका म्हणजे तिकीट आहे की पास?

दोन्ही नाही. ते पैसे भरलेलं पाकीट आहे. आत जाताना गेटवर टेकवलं की कार्डावर स्थानकाची नोंद होते, बाहेर पडताना टेकवलं की तेवढ्या अंतराचं भाडं कापलं जातं. दिवसभर कितीही फिरलात तरी 'यापुढे फुकट' अशी मर्यादा यात नाही. दहा वेळा गेलात तर दहा वेळा पैसे जातात. लंडनसारख्या शहरात दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, तिथून आलेल्यांची इथे हमखास गफलत होते.

मग फायदा काय? प्रत्येक वेळी नकाशात भाडं शोधून सुटे पैसे मोजायला लागत नाहीत. शिवाय टोकियो भागात कार्डाचं भाडं एका येनपर्यंत मोजतात आणि कागदी तिकिटाचं दहाच्या पटीत, त्यामुळे कार्डाने सहसा काही येन वाचतात.

२. सुइका घेऊ की पास्मो?

समोर जे मशीन असेल त्यातून निघेल ते. सुइका जेआर (जपान रेल्वे) समूहातल्या जेआर ईस्ट कंपनीचं, नोव्हेंबर २००१ पासूनचं. पास्मो मेट्रो, खासगी रेल्वे आणि बस कंपन्यांचं, मार्च २००७ पासूनचं. २३ मार्च २०१३ पासून देशातली अशी दहा कार्डं एकमेकांच्या हद्दीत चालतात, म्हणजे पास्मोवर जेआरने जाता येतं आणि सुइकावर मेट्रोने. फरक उरतो तो कार्ड परत करताना (प्रश्न २२).

३. साधं सुइका आणि वेलकम सुइका यांत फरक काय?

साध्या कार्डासाठी ५०० येन अनामत द्यावी लागते. कार्ड परत केलं की ती मिळते. शेवटच्या वापरापासून दहा वर्षं कार्ड जिवंत राहतं.

वेलकम सुइका पाहुण्यांसाठी काढलेलं आहे. अनामत नाही, पण मुदत २८ दिवस आणि उरलेली रक्कम परत मिळत नाही. मशीनमधून कार्डाबरोबर एक चिठ्ठी येते, तीही पासपोर्टसोबत ठेवा. गेटवर दोन्ही कार्डं सारखीच वागतात.

निवड सोपी आहे. पुढच्या काही वर्षांत पुन्हा जपानला जाण्याची थोडीही शक्यता असेल तर साधं कार्ड घ्या आणि परत न करता घरी ठेवा. एकदाच जायचं असेल आणि परतीच्या दिवशी खिडकीसमोर रांग लावायची नसेल तर वेलकम. 'अनामत नाही म्हणजे स्वस्त' एवढ्यावर ठरवू नका, कारण वेलकमवर शेवटी ७०० येन उरले तर ते गेलेच.

४. चिपच्या तुटवड्यामुळे कार्ड मिळत नाही असं वाचलं. खरं आहे का?

होतं. जून २०२३ मध्ये नाव न नोंदवलेल्या सुइका-पास्मोची विक्री थांबली आणि ऑगस्टमध्ये नाव नोंदवलेल्यांचीही. नोंदणीची कार्डं १ सप्टेंबर २०२४ पासून आणि बिननोंदणीची १ मार्च २०२५ पासून पुन्हा मिळू लागली. जुने लेख मात्र अजून फिरत आहेत, तेवढी लेखाची तारीख पाहून घ्या.

५. नारिताला कार्ड नेमकं कुठे मिळतं?

सामान घेऊन बाहेर आल्यावर रेल्वेच्या पाट्या धरून तळघरात उतरा. टर्मिनल १ खाली एक स्थानक आहे, टर्मिनल २ खाली दुसरं. टर्मिनल ३ ला स्वतःचं स्थानक नाही. तिथून पायी किंवा मोफत बसने टर्मिनल २ गाठावं लागतं.

दोन्ही स्थानकांत जेआर आणि केइसेइ या दोन कंपन्या शेजारी शेजारी आहेत. जेआरकडे सुइका आणि वेलकम सुइका, केइसेइकडे पास्मो. जेआरच्या प्रवासी सेवा केंद्रासमोर लांबलचक रांग दिसली तरी बिचकू नका: त्यातले बरेच जण रेल्वे पास घ्यायला उभे असतात. कार्डाची मशीनं वेगळी असतात आणि तिथे काम लवकर होतं. लहान मुलाचं कार्ड हवं असेल तर मात्र खिडकीच (प्रश्न १०).

६. आणि हानेदाला?

टर्मिनल ३ च्या आगमन कक्षातून दोन वाटा फुटतात: हामामात्सुचोला जाणारी मोनोरेल आणि शिनागावाला जाणारी केइक्यू. मोनोरेलच्या बाजूला सुइका आणि वेलकम सुइका, केइक्यूच्या बाजूला पास्मो. ज्या गाडीने जायचं त्याच बाजूला कार्ड घ्या, उगाच दोन्हीकडे फिरू नका. दोन्ही गाड्यांना जादा तिकीट लागत नाही. कार्ड टेकवा आणि बसा.

मध्यरात्रीनंतर उतरत असाल तर लक्षात ठेवा की टोकियोच्या गाड्या साधारण रात्री एकच्या आत बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. त्या वेळात कार्ड असून उपयोग नाही.

७. मशीनवर कार्ड काढायचं कसं?

पडद्याच्या कोपऱ्यातलं इंग्रजीचं बटण आधी दाबा. मग नवीन कार्ड खरेदीचा पर्याय निवडा. साध्या सुइकासाठी पुढे विचारतं: नाव नोंदवायचं की नाही. बिननोंदणीचं कार्ड दोन बटणांत निघतं. नोंदणी केली तर नाव, जन्मतारीख, फोन नंबर भरावा लागतो, पण कार्ड हरवल्यावर तीच कामी येते (प्रश्न २१).

त्यानंतर रक्कम निवडा. १,००० निवडले तर ५०० अनामत आणि ५०० वापरायला, २,००० निवडले तर १,५०० वापरायला. 'मी दोन हजार भरले, कार्डात दीडच हजार कसे' याचं उत्तर हेच. वेलकम सुइकात मात्र भरलेले सगळे वापरायला मिळतात.

नोटा टाका, कार्ड घ्या आणि सुटे पैसे घ्यायला विसरू नका. जपानी मशीनं दहा हजाराच्या नोटेचेही सुटे बिनतक्रार देतात.

८. क्रेडिट कार्डाने पैसे भरता येतात का?

रोख धरून चला. स्थानकांतली बहुतेक रिचार्ज मशीनं फक्त येनच्या नोटा आणि नाणी घेतात आणि यावरून विमानतळावरच अनेकांचं अडतं. म्हणून क्रम असा ठेवा: सामान, मग एटीएम, मग कार्डाचं मशीन. विमानतळावर सेव्हन बँकेची एटीएम आहेत आणि त्यांवर परदेशी कार्डं चालतात. तुमच्या कार्डावर परदेशातून पैसे काढायची सोय सुरू आहे का, हे निघण्याआधी बँकेकडून तपासून घ्या.

फोनमधल्या कार्डाचं वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

९. सुरुवातीला किती भरू आणि नंतर रिचार्ज कुठे करू?

कार्डात एका वेळी जास्तीत जास्त २०,००० येन राहतात, पण तेवढे भरायची गरज नसते. दोन-तीन हजारांपासून सुरुवात करा. शहरात रिचार्जची जागा चार पावलांवर असते. जपानमध्ये रिचार्जला 'चार्ज' म्हणतात.

स्थानकातल्या मशीनमध्ये कार्ड घाला किंवा खाचेत ठेवा, रक्कम निवडा, पैसे टाका. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट अशा कोन्बिनीच्या, म्हणजे रोजच्या वस्तूंच्या छोट्या दुकानांच्या, गल्ल्यावर 'चार्ज' म्हणून नोट पुढे केली तरी भागतं. सेव्हन बँकेच्या एटीएमवरही होतं, पण तिथे नाणी चालत नाहीत आणि किमान हजाराची नोट लागते. अनेक शहरी बसमध्ये चालकाकडे हजाराची नोट देऊन भरता येतं. फक्त बस थांबलेली असताना विचारा, चालत्या बसमध्ये नाही.

जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा आणल्या. स्थानकांतली मशीनं त्या घेतात. जुन्या बसमधलं एखादं यंत्र नवी नोट परत ढकलतं. त्यासाठी जुनी हजाराची एखादी जवळ असलेली बरी.

१०. मुलांसाठी वेगळं कार्ड लागतं का?

सहा वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही. पैसे भरणाऱ्या एका मोठ्या माणसाबरोबर अशी दोन मुलं जातात, तिसऱ्याला मुलाचं भाडं पडतं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं आणि त्यासाठी मुलांचं कार्ड. ते मशीनमधून निघत नाही. मुलाचा पासपोर्ट घेऊन खिडकीवर जावं लागतं, कारण वयाचा पुरावा पाहतात आणि कार्डावर नाव छापतात.

दोन मार्गांवर तर अर्ध्याहूनही कमी लागतं. ओदाक्यू रेल्वेवर मार्च २०२२ पासून मुलांच्या कार्डावर कितीही अंतराला ५० येन, आणि केइक्यूवर ऑक्टोबर २०२३ पासून ७५ येन. हानेदाहून केइक्यूने निघणाऱ्या कुटुंबाला याचा लाभ पहिल्याच फेरीत मिळतो. पण तो मुलांच्या कार्डावरच, कागदी तिकिटावर नाही.

मुलांचं कार्ड टेकवल्यावर गेट पिलासारखं चिवचिवतं. मुलांना त्याची गंमत वाटते, पण आवाज कर्मचाऱ्यासाठी असतो: मोठ्या माणसाने मुलाचं कार्ड वापरलं तर तिथेच कळतं.

११. नवरा-बायको एकच कार्ड वापरू शकतो का?

नाही. एकाने आत जाताना टेकवलं की कार्ड 'आत' असतं. दुसऱ्याने टेकवलं तर गेट बंद होतं. माणशी एक कार्ड. एकाच कार्डाने दोन कागदी तिकिटं मशीनमधून विकत घेता येतात, पण मग कार्डाचा उपयोग काय राहिला?

१२. नारिता एक्स्प्रेस आणि स्कायलायनरमध्ये नुसतं कार्ड चालतं का?

नुसतं नाही. नारिताहून शहरात जाणाऱ्या या दोन्ही जलद गाड्यांत सगळ्या जागा राखीव आहेत आणि मूळ भाड्यावर वेगळं एक्स्प्रेसचं तिकीट लागतं. मूळ भाडं कार्डावरून द्या, जागेचं तिकीट मशीनवर किंवा खिडकीवर घ्या. नाहीतर दोन्ही मिळून कागदी तिकीट घ्या आणि कार्ड खिशातच ठेवा. काय घेतलंय ते लक्षात ठेवा: मूळ भाडं तिकिटात आलेलं असताना गेटवर कार्डही टेकवलंत तर घोळ होतो.

कार्ड टेकवून सरळ बसता येईल अशा गाड्याही आहेत. जेआरच्या साध्या जलद गाडीला वेळ लागतो, पण जादा तिकीट नाही. पण तिच्यातले ४ आणि ५ क्रमांकाचे डबे ग्रीन कार, म्हणजे वेगळ्या तिकिटाचे डबे, असतात, दुमजली आणि आरामदायी. सामान घेऊन दमलेली मंडळी नेमकी त्यात शिरतात आणि मग तपासनीस येतो. ग्रीन कारचं तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रावर सुइकात घेता येतं. डब्यात घेतलं तर महाग पडतं.

केइसेइचं आणखी एक कोडं आहे. तिचे शहराकडे जाणारे दोन मार्ग आहेत, जुना मुख्य मार्ग आणि नवा स्काय अ‍ॅक्सेस. दोन्हींची भाडी वेगळी, पण पोहोचतात त्याच भागात. तुम्ही कुठल्या मार्गाने गेलात हे कार्डाला कळावं म्हणून नारिताला स्काय अ‍ॅक्सेसच्या फलाटासाठी वेगळी गेटं ठेवली आहेत. त्या मार्गाचा रंग नारिंगी आहे, पाट्यांवर तोच शोधा. विमानतळावर एका स्थानकात दोनदा कार्ड टेकवायला का लावतात, याचं कारण हे.

१३. शिन्कान्सेनच्या गेटवर सुइका टेकवलं तर?

गेट उघडत नाही. शिन्कान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, स्वतंत्र तिकीट लागतं. ऑनलाइन आरक्षणाशी कार्डाचा क्रमांक आधी जोडला असेल तर कार्ड टेकवून आत जाता येतं, आणि तेव्हाही पैसे कार्डातून नाही तर आरक्षणातून गेलेले असतात.

जेआरच्या साध्या गाडीने टोकियो स्थानकात येऊन तिथूनच शिन्कान्सेन धरायची असेल तर मधल्या गेटवर आधी कागदी तिकीट घाला, मग सुइका टेकवा. साध्या गाडीचं भाडं तिथे कापलं जाऊन कार्ड मोकळं होतं. हे राहिलं तर क्योतोला पोहोचेपर्यंत कार्ड टोकियोतच 'आत' अडकलेलं असतं (प्रश्न १५).

१४. सुइका जपानभर चालतं म्हणतात, मग आतामीच्या पुढे का अडकतं?

कारण 'सगळीकडे चालतं' आणि 'एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाताना चालतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकियोत शिरून टोकियो भागात उतरलात तर ठीक. ओसाकात शिरून ओसाका भागात उतरलात तरी ठीक, सुइकाच चालेल. पण एका हद्दीत टेकवून साध्या गाडीने दुसऱ्या हद्दीत उतरता येत नाही.

ठेच लागण्याची नेहमीची जागा तोकाइदो मार्गावर आहे. जेआर ईस्टची हद्द आतामीला संपते आणि पुढे जेआर सेंट्रल कंपनीच्या तोइका कार्डाची हद्द सुरू होते. टोकियोहून सुइकाने निघून नुमाझूला उतरलात तर गेट अडवतं. खिडकीवर पूर्ण भाडं रोख द्यावं लागतं आणि ते एक चिठ्ठी देतात. ती दाखवून नंतर सुइकाच्या हद्दीतल्या स्थानकात कार्डावरची जुनी नोंद काढून घ्यायची. तोवर कार्ड बंद. हद्द ओलांडायची असेल तर निघतानाच कागदी तिकीट घ्या.

आणि काही ठिकाणी कार्ड मुळातच चालत नाही. गावाकडचे अनेक मार्ग तसे आहेत. कुमामोतोमध्ये तर पाच बस-रेल्वे कंपन्यांनी यंत्रं बदलण्याचा खर्च परवडत नाही म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये ही कार्डं घेणं बंद केलं. शहराबाहेर जाताना खिशात नाणी असू द्या.

१५. गेट बंद झालं, लाल दिवा लागला. आता काय?

सर्वात आधी बाजूला व्हा, मागे रांग असते. मग कारण शोधा.

शिल्लक कमी आहे: बाहेर पडताना असं झालं तर गेटच्या आतल्या बाजूलाच भाडं पूर्ण करायचं मशीन असतं. कार्ड घाला, कमी पडलेली रक्कम भरा किंवा रिचार्ज करा, पुन्हा टेकवा. दंड वगैरे काही नाही. आत जाताना अडलं तर बाहेरच्या मशीनवर रिचार्ज करा. सुइकाच्या हद्दीत शिरायला निदान सर्वात कमी भाड्याइतकी शिल्लक लागते.

कार्ड नीट वाचलं गेलं नाही: घाईत हवेतून फिरवलं की असं होतं. कार्ड यंत्रावर सपाट टेकवा आणि एक सेकंद धरा. सुइकाच्या यंत्राचा पृष्ठभाग १३.५ अंशांनी कलता केलेला आहे, लोकांनी कार्ड नुसतं ओवाळू नये, टेकवावं म्हणून.

पाकिटात दोन कार्डं आहेत: दोन्ही एकदम बोलू लागतात आणि यंत्र गोंधळतं. हॉटेलच्या खोलीचं कार्डही बाजूला काढा.

मागची फेरी पूर्ण झालेली नाही: कुठल्या तरी गेट नसलेल्या उघड्या स्थानकात बाहेर पडताना टेकवायचं राहिलं, किंवा बाजूच्या वाटेने बाहेर आलात. याला मशीनवर इलाज नाही. गेटच्या कडेला माणूस बसलेली खिडकी असते. तिथे कार्ड द्या आणि कुठून कुठे गेलात ते सांगा, स्थानकाचं नाव लिहून दाखवलं तरी चालतं. ते भाडं कापून कार्ड मोकळं करतात.

चुकून आत आलात, त्याच स्थानकातून बाहेर पडायचं आहे: जेआर ईस्टच्या बऱ्याच स्थानकांत मार्च २०२१ पासून दोन तासांच्या आत त्याच कार्डाने बाहेर पडता येतं, पण फलाट तिकिटाचे पैसे कापले जातात. मेट्रोत मात्र खिडकीवर सांगा.

१६. मेट्रो बदलताना बाहेर पडलो, पुन्हा आत गेलो. दोनदा भाडं कापलं का?

कंपनी तीच आहे की बदलली, यावर अवलंबून आहे. टोकियो मेट्रोच्या एका मार्गावरून बाहेर पडून तिच्याच दुसऱ्या मार्गावर नेमलेल्या स्थानकात साठ मिनिटांच्या आत गेलात तर प्रवास एकच धरतात. टोकियो मेट्रो आणि तोएइ या दोन भुयारी रेल्वेंमध्ये बदल केला तर भाडी दोन, पण नेमलेल्या स्थानकात बदलल्यास ७० येन सूट आपोआप मिळते. जेआर आणि मेट्रोमध्ये बदललात तर सहसा दोन्ही पूर्ण भाडी लागतात. जाण्याचा मार्ग शोधताना कमी कंपन्यांचा पर्याय पाहा. पाच मिनिटं जास्त लागली तरी पैसे वाचतात.

१७. आयफोनमध्ये सुइका घेता येतं का? अँड्रॉइडमध्ये?

आयफोन ८ आणि त्यानंतरचा कुठल्याही देशात घेतलेला आयफोन चालतो. वॉलेटमध्ये प्रवासी कार्ड जोडायच्या पर्यायात सुइका आणि पास्मो दोन्ही दिसतात. विमानतळावर रांग नको असेल तर हाच उत्तम मार्ग, कारण घरी बसूनच जोडता येतं. रिचार्ज अ‍ॅपल पेमधल्या कार्डाने होतो. जपानबाहेरची व्हिसा कार्डं इथे बरेचदा नाकारली जातात. मास्टरकार्ड किंवा अमेक्स असेल तर ते वापरून पाहा. तुमच्या बँकेचं कार्ड अ‍ॅपल पेला जोडता येत नसेल तर फोनमधलं सुइका कोन्बिनीत रोख देऊन भरा.

प्लास्टिकचं साधं सुइका फोनमध्ये हलवता येतं: अनामतीचे ५०० येन शिल्लकेत मिळतात आणि प्लास्टिक निकामी होतं. प्लास्टिकचं वेलकम सुइका असं हलवता येत नाही. त्याची फोनमधली आवृत्ती मार्च २०२५ पासून आयफोनसाठी वेगळ्या अ‍ॅपमधून मिळते.

अँड्रॉइडवाल्यांसाठी निरोप कडू आहे. जपानी गेटं सोनीच्या फेलिका तंत्रावर चालतात आणि जपानबाहेर विकलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय सहसा सुरू केलेली नसते. फोन कितीही महाग असो. प्लास्टिक घ्या.

१८. सरळ बँकेचं कार्डच गेटवर टेकवलं तर?

काही खासगी मार्गांवर आणि बसमध्ये चालतं, आणि अशा जागा वाढत आहेत. पण जेआर ईस्टच्या नेहमीच्या गेटवर चालत नाही, आणि टोकियोत जेआरशिवाय दिवस काढणं अवघड. दोन्ही सांभाळण्यापेक्षा एक सुइका बरं. एकाच प्रवासात आत जाताना एक कार्ड आणि बाहेर पडताना दुसरं असं मात्र कधीही करू नका.

१९. बसमध्ये कधी टेकवायचं?

टोकियोच्या २३ प्रभागांत बहुतेक शहरी बसना एकच ठरलेलं भाडं असतं: पुढच्या दाराने चढा, तिथेच एकदा टेकवा, मागच्या दाराने उतरा. अंतरावर भाडं असलेल्या बसमध्ये चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवायचं. चढताना राहिलं तर चालक पहिल्या थांब्यापासूनचं भाडं धरू शकतो; तसं झालं असेल तर उतरण्याआधी कुठे चढलात ते सांगा. क्योतोत मागून चढायचं आणि पुढे उतरताना पैसे द्यायचे. दाराशी यंत्र दिसलं की टेकवा, दिसलं नाही तर पुढे चला, एवढा ठोकताळा पुरतो.

२०. दुकानात आणि लॉकरला वापरता येतं का?

हो. कोन्बिनी, पेयांची मशीनं, स्थानकातली दुकानं, बऱ्याच टॅक्सी. गल्ल्यावर 'सुइका दे' (जपानीत 'सुइकाने') म्हटलं की दुकानदार यंत्र पुढे करतो.

लॉकरमध्ये एक मेख आहे. सुइकाने पैसे भरून लॉकर बंद केला की किल्ली म्हणजे तेच कार्ड. सामान आत असताना कार्ड परत केलंत, किंवा सोबतच्या माणसाकडे देऊन तो वेगळ्या वाटेने गेला, तर लॉकर उघडणार नाही. मशीनची पावती सांभाळा.

२१. कार्ड हरवलं तर?

बिननोंदणीचं आणि वेलकम, दोन्ही गेली म्हणजे गेली. रोख हरवल्यासारखंच. नाव नोंदवलेलं सुइका असेल तर स्थानकात सांगून बंद करून घेता येतं आणि ५२० येन शुल्क व ५०० नवी अनामत, असे एकूण १,०२० येन भरून शिलकीसह नवं मिळतं. थोडे दिवस राहणार असाल आणि शिल्लक कमी ठेवत असाल तर याची फार काळजी नको.

२२. परत करताना पैसे किती मिळतात?

साध्या सुइकावर शिलकीतून २२० येन शुल्क कापतात, उरलेली शिल्लक आणि ५०० येन अनामत परत देतात. १,००० येन शिल्लक असेल तर ७८० अधिक ५००, म्हणजे १,२८० हाती. शिल्लक २२० पेक्षा कमी असेल तर ती सगळी शुल्कात जाते आणि ५०० मिळतात. म्हणून आधी शिल्लक शून्यावर आणा आणि मग परत करा: ५०० पूर्ण मिळतात आणि शुल्क कापायला काही उरत नाही.

परत करायची जागा महत्त्वाची. सुइका जेआर ईस्टच्या हद्दीतल्या तिकीट खिडकीवरच परत होतं. टोकियोत कार्ड घेऊन ओसाकाहून विमान धरणाऱ्यांनी टोकियो सोडतानाच काय ते ठरवावं. ओसाकात सुइकावर फिरता येतं, पण तिथे ते परत घेत नाहीत. पास्मो जेआरकडे परत होत नाही, ते पास्मोच्या कंपन्यांकडे. विमानतळाच्या स्थानकात खिडकी आहे, पण पहाटेचं विमान असेल तर ती उघडलेली नसते. आदल्या दिवशी शहरात उरका.

२३. वेलकम सुइकावर थोडे पैसे उरलेत. ते कसे संपवू?

बहुतेक कोन्बिनीत एका बिलाचे पैसे दोन भागांत देता येतात: आधी कार्डातलं सगळं, बाकी रोख. गल्ल्यावर आधी सांगा, कारण शिल्लक बिलापेक्षा कमी असेल तर यंत्र नुसतं नकार देतं. शेवटच्या दोन दिवसांत पाचशेच्या पुढे रिचार्ज करू नका. २८ दिवसांत खरेदीचा दिवसही धरतात.

२४. कार्यालयात खर्च दाखवायचाय. प्रवासाची यादी मिळते का?

स्थानकाच्या मशीनमध्ये कार्ड घालून इतिहास छापायचा पर्याय निवडा. शेवटच्या शंभरपर्यंत नोंदी कागदावर येतात: तारीख, स्थानकं, शिल्लक. सव्वीस आठवड्यांपूर्वीच्या नोंदी छापल्या जात नाहीत. दुकानातल्या खरेदीपुढे फक्त रक्कम दिसते, काय घेतलं ते नाही. कार्ड परत केल्यावर यादी मिळायची नाही, तेव्हा आधी छापा आणि मग खिडकीवर जा.

२५. चार वर्षांपूर्वीचं सुइका घरी सापडलं. चालेल का?

साधं असेल तर चालेल, शिल्लकही तशीच असेल. विमानतळावरच्या रिचार्ज मशीनमध्ये घातलं की आकडा दिसतो. वेलकम असेल तर ते २८ दिवसांनीच बंद झालंय. मुलाचं कार्ड असेल आणि मुलगा आता बारा वर्षांचा झाला असेल, तर तेही चालायचं नाही. खिडकीवर दाखवा आणि त्याच्यासाठी मोठ्यांचं घ्या.